पक्षाघातानंतर घरचा व्यायाम : तुमच्याकडे तो कसा टिकला?

रानजाई
बाबांना मार्चमध्ये पक्षाघात झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, त्यामुळे उजवा हात-पाय लुळा पडला, बोलणंही अडखळतं. घरी सोडताना फिजिओथेरपिस्ट मॅडमनी बारा व्यायामांचा कागद दिला. पहिले पंधरा दिवस सगळं घर त्या कागदाभोवती फिरत होतं. आता तो फ्रिजवर नुसता चिकटलेला आहे. मी मागे लागते, बाबा भिंतीकडे तोंड करतात, आई स्वयंपाकघरात जाऊन रडते. कोणते व्यायाम करायचे ते मॅडम सांगतातच. रोजच्या रोज, महिनोन्महिने ते कसे करून घेतलेत, हे ज्यांनी निभावलंय त्यांनी लिहा. चुकलं असेल तर तेही लिहा.

उंबरठा
माझ्या आईचा डावा हात गेला होता. दाबायला रबरी चेंडू दिला की दोन मिनिटांत उशीखाली. थंडीत मटार आले तेव्हा मी पाव किलो शेंगा ताटात ओतून तिच्यापुढे ठेवल्या. डाव्या हातात शेंग धरायची, उजव्याने सोलायची, एवढंच. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात नऊ शेंगा झाल्या. अंगठा आत दुमडलेला असायचा. तो ती उजव्या हाताने उलगडायची, शेंगेवर ठेवायची, शेंग निसटायची, की पुन्हा पहिल्यापासून. मी दारात उभी होते आणि पुढे होऊन भराभर सोलून द्यायला माझे हात शिवशिवत होते. नाही गेले. त्या वर्षभरात मी केलेलं सगळ्यात अवघड काम तेच होतं.

पुढे लसूण, मेथीची जुडी, मग फुलवाती. फुलवातीचं टोक चिमटीत पिळावं लागतं. तिथेच एके दिवशी तिचा अंगठा तर्जनीला टेकला. ती काही बोलली नाही, वात माझ्यापुढे धरली फक्त. आमच्या फिजिओ ताईंना सांगितलं, तर त्यांनी कागदावरचे चार व्यायाम खोडून तिथे 'वाती, रोज वीस' असं लिहिलं.

कातळवाट
आमच्याकडून झालेली चूक लिहितो. काकांना खाटेवरून उठवताना आम्ही लुळा हात धरून ओढायचो. कुणी सांगितलंच नव्हतं. खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडलेले असतात, हाताच्या वजनानेच सांधा खाली सरकतो, त्यात आमची ओढ. खांद्याच्या हाडाखाली बोट मावेल एवढी खाच दिसायला लागली. तिथून जी कळ सुरू झाली ती सहा महिने. त्या दुखण्यापायी पायाचे व्यायामही बंद पडले, झोप गेली. वर एका शेजाऱ्याच्या सांगण्यावरून पंख्याच्या हुकाला कप्पी टांगून हात वर ओढायला लावला, तेही अशा खांद्याला घातकच. आता कमरेला रुंद पट्टा बांधतो आणि त्याला धरून उठवतो. बसताना कोपरापासून पंजापर्यंत हाताखाली उशी. बाकी काही जमलं नाही तरी हा एक खांदा सांभाळा.

डावखुरा झालेला
मी स्वतः रुग्ण. डाव्या हाताने टाइप करतोय, म्हणून थोडक्यात.
थकवा हा आळस नव्हे. सकाळी दहाला मी जिना चढतो, दुपारी तीनला पेला उचलवत नाही. घरच्यांना हे कळायला वर्ष गेलं. व्यायाम सकाळी, दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्यांत करतो.
मीही भिंतीकडे तोंड करायचो. ते नैराश्य होतं. या आजारात ते पुष्कळांना येतं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, मग व्यायाम सुरू झाला. रानजाई, बाबांच्या डॉक्टरांशी हे आधी बोला.
'सहा महिन्यांत आलं ते आलं', असं मला सांगितलं होतं. शर्टाचं बटण मी दुसऱ्या वर्षी लावलं.

फिजिओ_सातारा
सुरुवातीच्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने होते, हे खरं. पण त्यानंतरही होते. मेंदूचा शाबूत भाग नव्या वाटा शिकतो. त्यासाठी तीच कृती शेकडो वेळा व्हावी लागते आणि ती कामाची असली की जास्त चांगली शिकली जाते. म्हणून वाती.

एक मात्र मनापासून सांगते. भारतात १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर 'अटेंड' नावाचा अभ्यास झाला, २०१७ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला, तरी सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक दिसला नाही. बाबा मागे पडले की तुम्ही स्वतःला दोष देता, म्हणून हे सांगितलं. सगळा भार घरच्या माणसांवर टाकून आम्हाला मोकळं होता येणार नाही. दर काही आठवड्यांनी व्यायाम तपासून बदलून घ्या, ते मागणं तुमचा हक्क आहे.

आणि व्यायाम करताना तोंड वाकडं झालं, नव्याने हात गळाला किंवा बोबडी वळली, तर चोळत बसू नका. सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं.

रानजाई
डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली.
बाबांचं किराणा दुकान होतं, पस्तीस वर्षं पुड्या बांधल्या त्यांनी. आज संध्याकाळी जुना पेपर, वाटीभर तूरडाळ आणि दोऱ्याचं रीळ त्यांच्यापुढे ठेवलं आणि गप्प बसले. बराच वेळ नुसते बघत होते. मग डाव्या हाताने उजवा हात उचलून कागदावर ठेवला, कागद हलू नये म्हणून. निम्मी डाळ सांडली. मी उठणार होते, आईने माझी ओढणी धरली. दोन पुड्या झाल्या, तिसरीला दोरा गुंडाळताना दमले.
फिजिओताई, त्यांची बोटं आत वळलेली असतात. कागदावर हात ठेवण्याआधी ती मी उलगडून द्यायची का, की त्यांची त्यांना उलगडू द्यायची?