मूल घरी यायची वाट बघताना: श्रद्धा, सबुरी आणि तुमचे अनुभव

सुरुवात मीच करते. आमचा फॉस्टर केअरचा (म्हणजे दत्तक नाही, गरज असलेलं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळायचं) अर्ज, पोलीस व्हेरिफिकेशन, मेडिकल, होम स्टडी (घरी येऊन करतात ती पाहणी) सगळं झालंय, आता बालकल्याण समितीकडून कधी कळतंय तेवढंच उरलंय. दत्तक घेणाऱ्यांचे अनुभव कानावर येतात, फॉस्टरवाले फारसे बोलत नाहीत. या मधल्या काळात तुम्हाला कशाचा आधार वाटला? देव असेल, नसेल, जे असेल ते लिहा. दत्तकासाठी थांबलेल्यांनीही लिहा.

कोल्हापूर
मी एकटी आहे, लग्न केलेलं नाही. सरकारच्या २०२४ च्या फॉस्टर केअर गाईडलाईन्समध्ये एकट्या व्यक्तीलाही फॉस्टर पालक होता येतं हे कळलं आणि लगेच पोर्टलवर नाव नोंदवलं. यात मुलं सहा वर्षांच्या पुढची असतात, म्हणजे बोलणारी, आठवणी असलेली. ऑफिसातल्या बायका म्हणतात तान्हं बाळ का नाही घेत, पण मला मोठंच हवंय, सात-आठ वर्षांच्या पोरीला कोण विचारतं हो? शुक्रवारी अंबाबाईला जाते. नवस बोललेली नाही. जी कोण असेल तिला आज शांत झोप लागू दे, एवढंच म्हणते.

नागपूर
आमचं दत्तकाचं. वाट बघण्यातच होम स्टडी रिपोर्टची तीन वर्षांची मुदत संपली, परत करून घेतला. आई शेगावला जाऊन पारायण करून आली, तिच्या मनाला बरं वाटतं तर मलाही बरंच वाटतं. मी स्वतः देव मानत नाही, माझा विश्वास त्या ‘कारा’च्या (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) यादीवर आहे. नंबर सिनिऑरिटीने सरकतो, वशिला नाही. कोणी ‘लवकर करून देतो’ म्हणालं तर तिथून सरळ उठा, प्लीज. ते मूल कुणाचं, कसं आणलं, काही कळायचं नाही.

वसई
आम्ही कॅथलिक, घरात रोज संध्याकाळी रोझरी होते. सुरुवातीला मी मागायचे की बाबा लवकर मूल पाठव. मग होम स्टडीला आलेल्या ताई बोलता बोलता म्हणाल्या, फॉस्टरला मूल येतं तेव्हा कुठेतरी एका घरावर काहीतरी कोसळलेलं असतं. त्यानंतर मला ‘लवकर’ म्हणवेना, म्हणजे मी कोणाचं घर कोसळायची घाई करत होते का असं वाटायला लागलं. मग मागणं बदललं, ज्याला गरज पडेल त्याच्यासाठी आम्ही तयार असू दे. नंतर एक मुलगा आला, आई आजारी, वडील नाहीत. रोज विचारायचा आई कधी बरी होणार, म्हणून रोझरीत तिचं नाव घेऊ लागलो, आणि ते नाव घेताना मला ठाऊक होतं की ही बरी झाली की हा जाणार. ती बरी झाली, तो गेला. खूप रडले मी. पण प्रार्थना खरी होती, आजही आहे. आता परत वाट बघतोय.

ठाणे
दोन वर्षांनी फॉस्टर मुलाला दत्तक घेता येतं ना? आम्ही त्याच आशेवर आहोत.

वसई
येतं, आधी पाच वर्षं होती ती दोन केली. पण मूल कायद्याने दत्तकासाठी मोकळं झालेलं असेल तरच. सख्खे आईबाप सावरले तर ते घरी जातं आणि जायलाच हवं. हे मनाला पटत नसेल तर तुम्ही सरळ दत्तकाच्या यादीत थांबा, त्यात काहीच कमीपणा नाही.

सातारा
आजच फोन आला!! भाऊ-बहीण आहेत, आम्ही एकाच मुलाचा विचार केलेला पण ताटातूट नको म्हणून दोघांना हो म्हटलं. सासूबाईंनी लगेच विठोबाला साखर ठेवली. पहिल्या रात्री काय करायचं, कोणी सांगेल का?

वसई
अभिनंदन! दोघांना एकाच खोलीत झोपवा. घरचं काही विचारू नका, काय खायला आवडतं तेवढंच विचारा.