मदत हवी आहे: सगळ्यांच्याच वहीत ९.८ कसं येतं?

नमस्कार मंडळी,

मी भौतिकशास्त्र शिकवते, मुलं सोळा-सतरा वर्षांची. परवा साध्या लंबकाच्या प्रयोगवह्या तपासायला घेतल्या. दोऱ्याची लांबी मोजा, दोलनकाळ (एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ) मोजा, g (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, पुस्तकात ९.८) काढा, नेहमीचंच. तीस वह्या, आणि तिसांतही उत्तर ९.७९ ते ९.८२. हाताने दाबायचं स्टॉपवॉच आणि मीटरपट्टी घेऊन एवढं एकमत! एका वहीत मात्र खोडरबर नीट चाललं नव्हतं. ९.८१ च्या खाली १०.८६ पुसट दिसत होतं. मुलीला विचारलं तर म्हणाली, "मॅडम, ते चुकलं होतं, मग बरोबर केलं."

बरोबर केलं म्हणजे उत्तरावरून उलटं येऊन वेळेचे आकडे बदलले.

मला वाईट वाटलं ते फसवण्याचं नाही, १०.८६ वाया गेल्याचं. तो आकडा बोलका होता. गोळा सोडताना 'शून्य' म्हणायच्या ऐवजी 'एक' म्हटलं की वीसपर्यंत मोजूनही दोलनं एकोणीसच होतात. दोलनकाळ ५ टक्क्यांनी कमी भरतो, सूत्रात त्याचा वर्ग छेदात असतो, आणि ९.८ चे होतात १०.८६. खोडलं नसतं तर ही चूक पाच मिनिटांत सापडली असती, तीही तिची तिलाच.

वर्गात प्रयत्न करत नाही असं नाही. गॅलिलिओचा युक्तिवाद दिला होता: जड वस्तू जास्त वेगाने पडते असं धरा. मग जड दगडाला हलका दगड बांधला तर हलका दगड जोडीला मागे खेचेल, की वजन वाढलं म्हणून जोडी आणखी वेगाने पडेल? वीस मिनिटं वर्ग कडाकडा भांडला. मी खूश. आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आता उत्तर सांगा ना, लिहून घेतो."

तर प्रश्न असा: पुस्तकातल्या आकड्यापेक्षा समोरच्या रीडिंगकडे बघायची सवय मुलांना कशी लावायची? पोर्शन संपवायचा आहेच, तेव्हा 'सगळी पद्धतच बदला' हे सोडून काहीही सांगा.

प्रतिसाद १

ताई, g काढायला सांगूच नका. उत्तर आधीच ठाऊक असलं की पोरं त्याच्याकडेच धावणार, आपणही तेच केलं होतं. त्याच लंबकावर दुसरा प्रश्न द्या: गोळा १० अंशांतून सोडला आणि २० अंशांतून सोडला, तर दोलनकाळ सारखाच येतो का?

पुस्तक म्हणतं सारखाच. खरं तर १ मीटरच्या लंबकाला एका दोलनामागे साधारण ०.०११ सेकंदाचा फरक पडतो. १० दोलनं मोजली तर ०.११ सेकंद, म्हणजे बटण दाबायच्या मागेपुढेपणात गडप. ५० मोजली तर अर्ध्या सेकंदाच्या आसपास जातो. (मोजता मोजता झोका लहान होतो म्हणून हाती थोडा कमीच लागेल. गोळा जड घ्या.)

पहिल्या फेरीत सगळे 'फरक नाही' लिहून मोकळे होतील. तेव्हा एवढंच विचारा, "फरक नाही, की तुम्हाला दिसला नाही?" आणि दुसरी फेरी करायला लावा. काय बदलायचं ते त्यांनीच ठरवायचं, तुम्ही तोंड उघडायचं नाही. हे सगळ्यात अवघड.

हो, आणि खोडरबर बंद. पेनाने लिहायचं, चुकलं तर एक आडवी रेघ आणि शेजारी कारण.

प्रतिसाद २

थोडा विरोधी सूर लावतो. ज्याला सूत्रात T चा, म्हणजे दोलनकाळाचा, वर्ग का येतो तेच माहीत नाही, तो कसला चिकित्सक विचार करणार? तुम्हाला १०.८६ चं कोडं सुटलं कारण तुमचं गणित पक्कं आहे. आधी ते पक्कं करा.

प्रतिसाद ३

दगडांच्या चर्चेबद्दल. वीस मिनिटं वर्ग भांडला म्हणता, पण नक्की किती जण भांडले? माझ्याकडे नेहमी चारच असतात, बाकीचे कोण जिंकतं ते बघतात. म्हणून आता आधी प्रत्येकाने गुपचूप कागदावर उत्तर लिहायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा लिहायचं. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९०च्या दशकात रूढ केलेली युक्ती आहे, आठ-दहा मिनिटांत होते. प्रश्न असा निवडा की पहिल्या वेळी निम्मा वर्ग चुकेल. सगळे बरोबर असले तर गप्पांना काही अर्थ नाही.

मूळ धागाकर्ती

सर्वांचे आभार. काल एका बॅचवर १० आणि २० अंशांचा प्रयोग केला. दुसऱ्या फेरीत एका जोडीला ५० दोलनांत ०.४ सेकंद फरक मिळाला, शेजारच्या जोडीला उलटा, २० अंशांचाच वेळ कमी. दोघांची जुंपली. मी हाताची घडी घालून उभी (खरंच अवघड आहे!). शेवटी पहिल्या जोडीतला मुलगा खाली वाकून बघत म्हणाला, "तुमचा गोळा सरळ जातच नाहीये, लंबगोल फिरतोय." सोडताना बोटाचा धक्का लागत होता. मग दोऱ्याने बांधून ठेवून, तो दोरा कापून गोळा सोडायचा, हे त्यांनीच शोधलं. तास तिथेच संपला, तिसरी फेरी पुढच्या आठवड्यात.

प्रतिसाद २, तुमचं पटलं. १०.८६ चं गणित मी परवा फळ्यावर उदाहरण म्हणूनच घातलं, नाव न घेता.

आता नवीन अडचण. या वह्या रेघांनी, कारणांनी, बाणांनी भरल्यात. मला त्या आवडल्या, पण वर्षअखेरीला बाहेरचे परीक्षक येतात आणि त्यांना वही स्वच्छ लागते. फेअर वही वेगळी लिहायला लावली की तिच्यात पुन्हा ९.८ येणार, हे मला आत्ताच दिसतंय. यावर कुणी काही तोडगा काढलाय का?