मदत हवी आहे: शेतीशाळा संपली, आता गावात पीक-निरीक्षण चालू कसं ठेवायचं?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात आमची 7 एकर कोरडवाहू शेती आहे, कपाशीत तूर. 2 वर्षांपूर्वी गावात कापसाची शेतीशाळा झाली. दर पंधरा दिवसांनी सकाळी कुणा एकाच्या वावरात पंचवीसेक जण जमायचो. शिकवणाऱ्या ताई आधी काही सांगायच्याच नाहीत. "20 झाडं बघून या," म्हणायच्या. पानं उलटून रस शोषणारे तुडतुडे मोजायचे, ढालकिडा किंवा क्रायसोपा (किडी खाणारे मित्रकीटक) दिसला तर तोही लिहायचा आणि मग फवारायचं की नाही ते आम्हीच ठरवायचं. दर पानाला 2-3 तुडतुडे होईपर्यंत थांबता येतं, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या हंगामात माझे 2 फवारे वाचले.

शेतीशाळा संपली आणि ताईंना दुसरी गावं मिळाली. कृषी सहायकांकडे गावं इतकी की प्रत्येक बांधावर त्यांनी यावं कसं? मोबाइलवर सल्ला येतो तो तालुक्यासाठी. किसान कॉल सेंटरवर मराठीत नीट समजावून सांगतात, पण माझं पान त्यांना दिसत नाही.

सगळ्यात मोठा अडसर उधारीचा. जूनमध्ये ज्या दुकानातून बियाणं-खत उधार आणलं, ऑगस्टमध्ये रोगट पान घेऊन तिथंच जावं लागतं. दुकानदार 3 औषधं एकत्र करून देतो. कापूस विकल्याशिवाय हिशोब चुकता होणार नसतो, मग नको म्हणायचं कोणत्या तोंडानं? मागच्या हंगामात शेजाऱ्यानं असंच मिश्रण फवारलं आणि रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात 3 दिवस काढले. 2017 साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली होती. शेजाऱ्याला दवाखान्यात नेलं त्या रात्री आमच्या घरात कुणाला जेवण गेलं नाही.

पंचवीसपैकी आता आम्ही 9 जण उरलोय. बाहेरचं माणूस नसताना निरीक्षण कुणी टिकवलंय का? आणि उधारीचं काय केलंत?

प्रतिसाद 1:
आमच्याकडे वर्धा जिल्ह्यात चौथं वर्ष आहे. वार ठरवा आणि तो मोडू नका. एक वही, दर आठवड्याला वेगळं वावर. एकरी 2 कामगंध सापळे (गुलाबी बोंडअळीचे नर पतंग वासानं ओढणारे) लावा. सलग 3 दिवस रोज दर सापळ्यात 8 पतंग आले, किंवा 20 हिरवी बोंडं फोडून 2 मध्ये गुलाबी बोंडअळी सापडली, तरच औषधाचा विचार. त्याआधी 5 टक्के निंबोळी अर्क. निंबोळ्या पावसाच्या तोंडावर वेचून वाळवून ठेवाव्या लागतात, नंतर मिळत नाहीत. अडलं तर फांदी घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जातो. उधारी एका वर्षात सुटली नाही. पहिल्या साली फक्त औषधांचे पैसे गटाच्या बचतीतून रोख दिले. खत अजून उधारच येतं, पण कोणतं औषध घ्यायचं ते आता आम्ही ठरवतो.

प्रतिसाद 2:
तुमच्या 9 जणांत बाया किती? निंदणाला आणि वेचणीला त्याच असतात. डोमकळी, म्हणजे गुलाबी बोंडअळी आत शिरल्यानं न उमललेलं फूल, आधी त्यांच्या नजरेला पडते. आमच्या गावच्या शेतीशाळेत नावं सातबारावरची घेतली, म्हणून सगळे पुरुषच आले. डोमकळ्या तिथल्या तिथं तोडून नष्ट करायला कुणी शिकवलंच नाही बायांना.

धागाकर्ता:
एकही नाही. आज घरी विचारलं, तर बायको म्हणाली, डोमकळ्या तिनं पोळ्याच्या आधीच पाहिल्या होत्या, मी विचारलंच नाही. मंगळवार ठरवतोय. निंदणाला येणाऱ्या चौघींनाही बोलवायचं आहे, पण सकाळ गेली तर त्यांची अर्धी मजुरी बुडते. ती गटानं द्यावी असं माझं मत आहे, पण काही जण अडून बसलेत. कुणी दिली आहे का, आणि कोणत्या पैशातून?