उपग्रहाच्या इलेक्ट्रॉनिक्सवर पुढची पाच वर्षं पैसा घालायचा, पण नेमका कशावर?

भोसरीकर
नमस्कार मंडळी. आमची छोटी कंपनी उपग्रहांसाठी बोर्ड बनवते. संशोधनाचा पैसा पाच वर्षांत कुठे घालायचा याचं टिपण संचालकांनी मागितलंय. पोरांचं म्हणणं, रिस्क-फाइव्ह या सगळ्यांना खुल्या प्रोसेसर-रचनेवर आपला स्वतःचा एआय प्रोसेसर बोर्ड करू, फोटोंची छाननी वरच होईल. कक्षा ५०० किमीच्या आसपास. कल्पना मलाही आवडते, पण सगळी रक्कम त्यात ओतायला हात धजत नाही. जाणकारांनी सांगावं.

पॉवरवाले काका
माझी नोकरी पॉवर सप्लाय करण्यात गेली, त्यामुळे मत एकांगी आहे हे धरूनच वाचा. प्रोसेसर विकत घ्या, बनवायच्या फंदात पडू नका.

त्या आखाड्यात बडे पैलवान आधीच उतरलेत. मंगळावरच्या क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हरन्स दोन्ही रोव्हरवर रॅड७५० हा प्रोसेसर आहे, वेग २०० मेगाहर्ट्झ. तो जुना झाला म्हणून नासाने २०२२ मध्ये मायक्रोचिप कंपनीला ५ कोटी डॉलरचं कंत्राट दिलं, किमान शंभरपट ताकद हवी म्हणून. ती नवी चिपही रिस्क-फाइव्हच. आपल्याकडे रॉकेटसाठी विक्रम ३२०१ चिप झाली, आयआयटी मद्रासची आयरिस झाली, दोन्ही चंदीगडजवळ मोहालीतल्या एससीएल या सरकारी चिप कारखान्यात. आणि मंगळावरचं इंजेन्युइटी हेलिकॉप्टर तर फोनमधल्या स्नॅपड्रॅगन ८०१ वर उडालं. पाच उड्डाणांसाठी पाठवलेलं, ७२ करून थांबलं.

आता दुसरी बाजू. युरोपा क्लिपर, गुरूच्या चंद्रासाठीचं नासाचं पाच अब्ज डॉलरचं यान. मे २०२४ मध्ये, उड्डाण ऑक्टोबरवर आलेलं असताना, कळलं की त्यातले मॉस्फेट, म्हणजे वीज चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर स्विच, वाटले होते त्यापेक्षा कमी रेडिएशन सोसतात. उन्हाळाभर चाचण्या करून मग होकार मिळाला. प्रोसेसरमुळे नव्हे, एका स्विचमुळे सगळ्यांचा जीव टांगणीला!

तिथे प्रश्न गुरूजवळ साचत जाणाऱ्या रेडिएशनच्या डोसचा होता. तुमच्या कक्षेत डोस बेताचाच, पण जड आयनचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान विद्युतभारित कणांचा, धोका राहतो. मेमरीतला एखादा बिट उलटला तर एररकरेक्शन तो सुधारतं. मॉस्फेट बंद अवस्थेत, ड्रेनवर (वीज येते त्या टोकावर) पूर्ण व्होल्टेज असताना आयन आरपार गेला, तर तो जळतो. कायमचा. म्हणून २८ व्होल्टच्या लाइनवर १०० व्होल्टचा मॉस्फेट लावला की काम झालं, असं धरू नका. किती व्होल्टपर्यंत तो आयनखाली टिकतो ते चाचणीनेच कळतं.

तुमच्या एआय बोर्डची खरी गोमही इथेच आहे. त्या चिपला एक व्होल्टच्या आतबाहेर, दहा-वीस अँपिअर लागणार. व्होल्टेज इतकं उतरवून देणारा कन्व्हर्टर, अंतराळात चालेल असा, वाजवी किमतीत मिळवून दाखवा! सिलिकॉनऐवजी गॅलियम नायट्राइडच्या स्विचवर तो करा. डोसने बिघडतो तो गेट ऑक्साइडचा थर त्या स्विचमध्ये नसतो, म्हणून डोसची काळजी बरीच कमी. आयनची मात्र राहते. पैसे इथे लावा.

बीमटाइम
काकांच्या मुद्द्याला माझी एक जोड. चाचणी कुठे करणार? दिल्लीच्या आययूएसी आणि आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थांत पेलेट्रॉन, म्हणजे आयनला वेग देणारी यंत्रं, आहेत. त्यांचे आयन सिलिकॉनमध्ये काही दहा मायक्रॉनच शिरतात. मॉस्फेटचं प्लास्टिक ॲसिडने उघडलं की चिप समोर असते, काम होऊन जातं. आजकालचे प्रोसेसर फ्लिप-चिप, म्हणजे पालथे बसवलेले. पाठीवर शेकडो मायक्रॉनचं सिलिकॉन. ते घासून पातळ करा, नाहीतर परदेशातल्या जास्त ऊर्जेच्या बीमसाठी रांग लावा.

नोर्डवाइकहून
थोडा विरोध करतो. सगळं विकत मिळतं म्हणून बसलं की काय होतं ते नाविकने, म्हणजे आपल्या जीपीएससारख्या उपग्रह-प्रणालीने, पाहिलंय. तिच्या आयआरएनएसएस-१ए उपग्रहावरची तिन्ही आयात रुबिडियम अणुघड्याळं बंद पडली. स्वदेशी घड्याळ मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ उपग्रहावरून वर गेलं. स्वतःची क्षमता नको का?

पॉवरवाले काका
हवीच की! पण तुमचंच उदाहरण घ्या. अंतराळात चालणारी अणुघड्याळं जगात मोजक्याच ठिकाणी होतात, मोबाइलवाले ती आपल्यासाठी सुधारून देणार नाहीत. प्रोसेसरचं तसं नाही, त्यावर फोनचा अख्खा बाजार पैसा ओततोय. जे बाजार आपसूक करेल त्यात आपली दमडी कशाला?

भोसरीकर
मग बाजारातल्या प्रोसेसरचं लॅचअप, म्हणजे आयन लागून आतल्या आत शॉर्ट होतो, त्याचं काय? आणि काका, आकड्यात सांगा ना, टिपणात तक्ता लागतो.

पॉवरवाले काका
लॅचअपसाठी प्रत्येक लाइनवर करंट लिमिटर. करंट चढला की मिलिसेकंदात वीज तोडायची, क्षणभराने परत द्यायची. हे सर्किट मात्र स्वतःचं करा, प्रत्येक बोर्डवर कामी येईल.

तक्ता माझ्या मते असा: निम्मे कन्व्हर्टर आणि लिमिटरवर. तीस टक्के चाचण्या आणि साठ्यावर. मॉस्फेट एकाच लॉटचे, एकाच डेटकोडचे (म्हणजे एकाच सुमारास बनलेले), पाच वर्षं पुरतील इतके घ्या, त्यातलेच नमुने आयनच्या बीमखाली धरा. लॉट बदलला की जुना रिपोर्ट रद्दीत. अकाउंट्सवाले एवढा माल कशाला म्हणून कटकट करतील, तिथे संचालकांनाच पुढे करा. उरलेले वीस टक्के पोरांना द्या, तयार प्रोसेसरवर सॉफ्टवेअर लिहू देत.

बीमटाइम
आणि बीमची तारीख डिझाइन संपायची वाट न पाहता मागा. नुसते सुटे मॉस्फेट घेऊन आलात तरी पहिली शिफ्ट वाया जात नाही.