काटापावतीचे ऑटोमेशन: व्हेरिएबल (मूल्य साठवणारी नाव दिलेली जागा) रिकामे आहे का, हे खात्रीने कसे तपासावे?

तापीकाठ (सावदा, ता. रावेर)

नमस्कार मंडळी. आमचे केळी खरेदीचे लहानसे कार्यालय आहे आणि तिथले हिशेबाचे व संगणकाचे काम मी पाहतो. बागेत माल कापला की काट्यावरचा मुलगा मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये शेतकऱ्याचे नाव, घडांची संख्या, वजन, भाव आणि आधी दिलेली उचल भरतो. ती नोंद शीटमध्ये उतरते आणि कार्यालयातल्या संगणकावर चालणारे एन-एट-एन (n8n, कामे आपोआप करणारे सॉफ्टवेअर) रक्कम काढून शेतकऱ्याला संदेश पाठवते. गेल्या आठवड्यात वजनाचा रकाना भरायचा राहिला आणि एका शेतकऱ्याला ‘आपल्या मालाची रक्कम रु. ०’ असा संदेश गेला. ते सकाळीच मोबाइल हातात घेऊन कार्यालयात आले. वर्षभर पाणी-खत घालून वाढवलेल्या बागेपुढे शून्य लिहिलेले पाहून त्यांना काय वाटले असेल, हे त्यांनी न बोलताही कळत होते.

मी लगेच वजन, भाव आणि उचल या तिन्हींत काही आहे का, अशी अट घातली. त्यामुळे रिकामे वजन अडले खरे, पण ज्यांनी उचल घेतलीच नव्हती, त्यांच्याही पावत्या अडल्या, कारण त्यांच्या उचलीच्या रकान्यात शून्य होते. रिकामा रकाना आणि शून्य यांतला फरक यंत्राला नेमका कसा सांगावा, आणि ही तपासणी कोणत्या टप्प्यावर ठेवावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी सल्ला द्यावा, ही विनंती.

अजिंठा_चौफुली (जळगाव)

तापीकाठ भाऊ, ‘रिकामे’ या एका शब्दात आपण चार-पाच वेगळ्या गोष्टी कोंबतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. रकाना नोंदीत आलाच नाही, ही एक स्थिती. रकाना आला पण त्यात नल (null, म्हणजे ‘मूल्यच नाही’ अशी खूण) आहे, ही दुसरी. अवतरणचिन्हांच्या मध्ये काहीच नाही असा रिकामा मजकूर, ही तिसरी. आणि नुसती स्पेस दाबली गेली आहे, ही चौथी. शून्य यांपैकी कशातच बसत नाही, कारण शून्य हे भरलेले मूल्य आहे. तुमची अट शून्यालाही ‘खोटे’ मानणारी असणार, म्हणून उचल न घेतलेली माणसे अडली.

रु. ० चा संदेश कसा गेला, तेही समजून घ्या. एन-एट-एनमधली सूत्रे जावास्क्रिप्टच्या नियमांनी चालतात, आणि त्या नियमांनुसार नल किंवा रिकाम्या मजकुराला भावाने गुणले तर उत्तर शून्य येते, मात्र कोणतीही चूक दाखवली जात नाही; रकानाच नसेल, तर ‘नॅन’ म्हणजे ‘हा अंक नाही’ असे उत्तर येते. माझ्या मते यांत शून्य अधिक धोकादायक आहे, कारण ते खऱ्या उत्तरासारखे दिसते. म्हणून आधी शीट वाचणाऱ्या नोडचे (प्रवाहातल्या त्या पायरीचे) आउटपुट जेएसओएन (JSON, नाव आणि मूल्य अशा जोड्यांच्या) स्वरूपात उघडा आणि रिकाम्या रकान्याच्या जागी नेमके काय येते, ते डोळ्यांनी पाहा.

त्यानंतर गुणाकाराच्या आधी इफ नोड, म्हणजे अट तपासून नोंद दोनपैकी एका फांदीने पाठवणारी पायरी, ठेवा. त्यात ‘एक्झिस्ट्स’ आणि ‘इज नॉट एम्प्टी’ या दोन वेगळ्या अटी मिळतात. पहिली रकाना आला आहे का हे पाहते, दुसरी त्यात काही भरले आहे का हे पाहते. वजन आणि भाव यांना ट्रिम (मजकुराच्या कडेच्या स्पेस काढणारे फंक्शन) लावून ‘इज नॉट एम्प्टी’ तपासा आणि शिवाय अंक शून्याहून मोठा आहे, ही अट जोडा. उचलीला मात्र ‘इज नॉट एम्प्टी’ एवढेच पुरेसे आहे, तिथे शून्य चालले पाहिजे. सूत्रात पर्यायी मूल्य देताना दोन उभ्या रेघा (||) वापरल्या, तर शून्यही बाद होते, दोन प्रश्नचिन्हे (??) फक्त नल आणि न आलेला रकाना बदलतात, आणि ‘इफएम्प्टी’ हे फंक्शन रिकाम्या मजकुरालाही पकडते, पण शून्याला हात लावत नाही.

तरीही वजनाला पर्यायी मूल्य देऊच नका, असे मी आग्रहाने सांगेन. तिथे अंदाजाचा आकडा बसवणे म्हणजे शेतकऱ्याच्या पैशाशी खेळणे आहे. अटीत न बसलेली नोंद इफच्या दुसऱ्या फांदीने ‘तपासणी बाकी’ अशा वेगळ्या शीटमध्ये जाऊ द्या आणि माणसाला ती पाहू द्या.

पथारी_नंदुरबार

मी मिरची खरेदीच्या कार्यालयात पॉवर ऑटोमेट (एन-एट-एनसारखेच मायक्रोसॉफ्टचे साधन) वापरते. तिथे ‘एम्प्टी’ हे फंक्शन नल, रिकामा मजकूर आणि रिकामी यादी ओळखते, पण त्याला थेट अंक दिला तर प्रवाह चूक दाखवून थांबतो, म्हणून अंक आधी मजकुरात बदलावा लागतो. ‘कोअॅलेस’ फक्त नल ओलांडते, रिकामा मजकूर ते मूल्यच समजते.

माझा सल्ला थोडा पुढचा आहे. व्हेरिएबल भरलेले असले तरी ते आत्ताच्या नोंदीचे आहे का, हेही पाहावे. ‘अप्लाय टू इच’ची (यादीतल्या प्रत्येक नोंदीवर तेच काम करणाऱ्या पायरीची) फेरी बदलली तरी व्हेरिएबल आपोआप रिकामे होत नाही. आमच्याकडे ओल्या मिरचीचा भाव अट पूर्ण झाली तरच व्हेरिएबलमध्ये जात असे. एका नोंदीत ती अट पूर्ण झाली नाही आणि आधीच्या शेतकऱ्याचा भाव पुढच्याच्या पावतीवर छापला गेला. पथारीवर (मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवर) माल पसरून झालेला असताना तो हिशेब पुन्हा जुळवणे फार अवघड गेले. तेव्हापासून प्रत्येक फेरीची पहिली पायरी व्हेरिएबल पुसण्याची ठेवली आहे, आणि जिथे जमेल तिथे व्हेरिएबल टाळून कंपोज (त्या फेरीपुरते मूल्य तयार करणारी पायरी) वापरते.

पांझरा (धुळे)

दोन गोष्टींची भर घालतो. एन-एट-एनमध्ये शीटमधून एकही ओळ मिळाली नाही, तर पुढचा इफ नोड चालतच नाही आणि ‘रिकामे आहे’ ही फांदीसुद्धा जागी होत नाही. त्यासाठी शीटच्या नोडच्या सेटिंगमध्ये ‘ऑलवेज आउटपुट डेटा’ सुरू करावे लागते.

दुसरी गोष्ट आपल्या मराठी कीबोर्डची. कुणी वजन ‘२४’ असे मराठी अंकांत लिहिले, तर रकाना भरलेला दिसतो, ‘इज नॉट एम्प्टी’ खरे ठरते, आणि जावास्क्रिप्टला मात्र तो अंक म्हणून वाचता येत नाही. तपासणीच्या आधी मराठी अंक इंग्रजी अंकांत बदलणारी एक पायरी ठेवावी. मराठी टंकलेखनात न दिसणारी जोडचिन्हेही शिरतात. ती ट्रिमने निघत नाहीत, वेगळी काढावी लागतात.

तापीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. अजिंठा_चौफुली भाऊंनी सांगितल्याप्रमाणे रकान्यागणिक वेगळ्या अटी लावल्या, पांझरा भाऊंची अंक बदलण्याची पायरी त्याआधी ठेवली आणि ताईंचे ऐकून जुने सामायिक व्हेरिएबल काढून टाकले. काल पहिल्याच दिवशी ‘तपासणी बाकी’ शीटमध्ये तीन नोंदी आल्या. दोघांच्या वजनाचा रकाना रिकामा होता आणि तिसऱ्याच्या भावात नुसती स्पेस होती. काट्यावरच्या मुलाला फोन लावून काटापावतीवरचे आकडे विचारले, स्वतः भरले, आणि तिन्ही शेतकऱ्यांना संध्याकाळच्या आत बरोबर रकमेचा संदेश गेला. उचल नसलेली एकही पावती अडली नाही. फॉर्ममध्ये वजनाचा प्रश्न आता अनिवार्य केला आहे, तरी इफ नोड तसाच ठेवतो आहे, कारण काही नोंदी आम्ही थेट शीटमध्येही लिहितो.