टॉवरला किती तासांची बॅटरी असावी?

वाळपईकर: पावसाळ्यात गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात वीज गेली की थोड्याच वेळात मोबाइलचे नेटवर्कही जाते, त्यामुळे वीज गेल्याची तक्रार तरी कुठून करावी? टॉवरला पर्यायी विजेची सक्ती कुठे आहे का?

म्हापशाचा अभियंता: अमेरिकेत कतरिना वादळानंतर तेथील दूरसंचार आयोगाने २००७ मध्ये टॉवरसाठी ८ आणि टेलिफोन एक्स्चेंजसाठी २४ तासांच्या पर्यायी विजेचा नियम केला, परंतु कंपन्या न्यायालयात गेल्या आणि तो अमलात आलाच नाही. कॅलिफोर्नियाने मात्र वणव्यांचा अनुभव घेऊन २०२० मध्ये जास्त धोक्याच्या भागांसाठी ७२ तासांची अट घातली.

काणकोणची वाचक: नियम हवाच, पण मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने झाडे पाडून रस्ते अडवले, तशा वेळी जनरेटरचे डिझेल वर डोंगरावर पोहोचवणार कोण? म्हणून बॅटरीच मोठी असावी आणि आपत्तीत एका कंपनीचा चालू टॉवर सर्वांच्या ग्राहकांना वापरू द्यावा. घरच्या जोडणीचाही प्रश्न आहेच: जुन्या तांब्याच्या तारेच्या लँडलाइनला एक्स्चेंजमधूनच वीज मिळत असे. फायबरच्या राउटरला ती सोय नाही (हे जोडणी देताना सहसा कोणी सांगत नाही), त्यामुळे घरी छोटा यूपीएस (वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणारी बॅटरी) ठेवावाच लागतो.

वाळपईकर: यूपीएस घेतो. टॉवरचा विषय ग्रामसभेत मांडतो.