शब्दचर्चा : ची, छी की दम?

पत्रकवाली :
मंडळी, एक अडलेलं काम घेऊन आले आहे. आमच्या वसाहतीत ज्येष्ठांसाठी सकाळी तायचीचा, म्हणजे सावकाश हालचालींच्या चिनी व्यायामाचा वर्ग चालतो. शिकवणाऱ्या बाईंच्या इंग्रजी सूचनांचं मराठी पत्रक करायचं माझ्या गळ्यात पडलंय. त्यात दर दुसऱ्या ओळीत 'qi' हा चिनी शब्द. कुठे तो 'वाहतो', कुठे 'खाली उतरतो', कुठे खांद्यात 'अडतो'. मराठीत मी क्यूई, क्वी, ची, की अशी चार रूपं छापलेली पाहिली. अर्थ मात्र सगळीकडे एकच, 'जीवनऊर्जा'. आता 'आपली जीवनऊर्जा बेंबीखाली उतरू द्या' असं लिहिलं तर आमचे आजोबा विचारणार, "म्हणजे नक्की काय करू, बाळ?" उच्चार कोणता आणि मराठी शब्द कोणता, सांगा बरं.

बांबूची काठी :
आधी उच्चार. 'क्यूई' आणि 'क्वी' टाकून द्या, ती रोमन अक्षरं वाचून केलेली रूपं आहेत. चिनीच्या आजच्या रोमन लेखनात 'क्यू' हे अक्षर आपल्या 'छ'च्या जवळच्या ध्वनीसाठी वापरतात. म्हणजे प्रामाणिक देवनागरी रूप 'छी', आणि तेही वरून खाली आपटणाऱ्या चौथ्या सुरात. अडचण अशी की त्या सुरात 'छी!' म्हटलंत तर आजोबा पायाखाली काय आलं ते बघतील. म्हणून 'ची' चालवून घेतात. 'की' हे जपानी रूप, आयकिदो या जपानी युद्धकलेच्या नावामधलं.

आणि एक सांगतो, दचकू नका. तायचीतला 'ची' हा तो 'ची' नव्हेच. ते अक्षर वेगळं, उच्चार 'जी'. मूळ अर्थ घराच्या आढ्याचं लाकूड, त्यावरून शिखर, अंतिम टोक. 'तायजी' म्हणजे परमसीमा आणि 'तायजीछुआन'मधलं 'छुआन' म्हणजे मूठ. जुन्या रोमन पद्धतीत 'छी' दाखवायला अक्षरावर स्वल्पविरामासारखी खूण देत. छापताना ती गळायची, आणि दोन परके शब्द सख्खे भाऊ होऊन बसले.

पत्रकवाली :
अरे देवा! पहिल्याच तासाला आम्हाला सांगितलं होतं, तायची म्हणजे चीचा व्यायाम!

बांबूची काठी :
व्युत्पत्ती चुकली तरी व्यायाम चुकत नाही, बाईंना काही बोलू नका. नावातच 'छी' असलेला प्रकार म्हणजे छीगोंग. 'गोंग' म्हणजे मेहनतीनं कमावलेलं कसब. पण आज ज्या अर्थानं हे नाव चालतं तो अर्थ फार जुना नाही. चीनच्या हबेइ प्रांतातल्या ल्यू ग्वेजन यांनी १९५० च्या सुमारास श्वासाच्या आणि शरीराच्या निरनिराळ्या जुन्या साधनांना मिळून हे नाव रुळवलं. मग तांगशान आणि बेइदायहे इथल्या आरोग्यधामांत ते उपचार म्हणून चाललं. त्याआधीचा शब्द 'दाओयिन', म्हणजे वाट दाखवणं आणि ताणणं. छांगशा शहराजवळ मावांगदुइ इथं १९७३ मध्ये उघडलेल्या थडग्यात रेशमावरचं चित्र निघालं. थडगं इ.स.पू. १६८ मध्ये बंद केलेलं. त्यावर ४४ माणसं वाकताहेत, हात ताणताहेत. बायका आहेत, पुरुष आहेत, म्हातारेही आहेत. तुमच्या वर्गाचा फोटोच म्हणा ना.

शंकेखोर :
उच्चाराचं झालं, आता 'ऊर्जा' या शब्दाला माझी हरकत. ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात, वीजबिलात तिचे पैसे भरतात. ची कुणी मोजलेली नाही. हा शब्द चिनीतून थेट आलेला नाही, युरोपातून फिरून आलाय. जॉर्ज सुलिए द मोराँ या फ्रेंच गृहस्थांनी १९३० च्या दशकात सुयाचिकित्सेवर (ॲक्युपंक्चरवर) लिहिताना 'एनर्जी' वापरला, इंग्रजीनं तो उचलला आणि आपण त्याला 'जीवन' जोडलं.

व्यायामाचा उपयोग होत नाही असं माझं म्हणणं नाही. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१२ साली पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरचा प्रयोग आला होता. २४ आठवडे तायची करणाऱ्यांचा तोल नुसतं ताणायचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा चांगला राहिला, पडणंही कमी झालं. पण मोजला तो तोल, पावलाची लांबी, पडण्याची संख्या. ची नाही. तेव्हा पत्रकात 'ऊर्जा' लिहून विज्ञानाचा आव आणू नये.

लाल माती :
मला चिनी येत नाही, तालमीतलं थोडं कळतं. ताईंनी दिलेली क्रियापदं वाचली आणि वाटलं, अहो, हा शब्द आपल्याकडे आहे की! दम.

वस्ताद म्हणायचे, "पोरात ताकद हाय, दम न्हाई." म्हणजे काय? दंड बघितले तर गोळे आलेले, पण तिसऱ्या मिनिटाला तोंड उघडं. दम म्हणजे श्वास, पण नुसता श्वास नव्हे. खुराक, मेहनत आणि झोप यांतून अंगात जे साठतं आणि कुस्ती लांबली की कामाला येतं, ते. तो वाढतो, लागतो, सुटतो, पक्का होतो. गवयांचा दमसासही त्यातलाच. शिवाय कुणाला दम दिला की त्यात राग आला, 'दमानं घे' म्हटलं की धीर आला, आणि बिर्याणीला दम दिला की वाफ!

बांबूची काठी :
वाफ! लाल माती, तुम्ही अजाणता मुळावरच बोट ठेवलंत. त्या अक्षराचा सगळ्यात जुना अर्थ ढगाची वाफ. इ.स. १०० च्या सुमारास शू शन यांनी केलेल्या कोशात तसं आहे. पारंपरिक अक्षराच्या पोटात 'तांदूळ' दिसतो म्हणून 'भातावरची वाफ' अशी गोड व्युत्पत्ती सगळीकडे सांगतात. पण त्याच कोशात तांदळासकटच्या अक्षराचा अर्थ पाहुण्याला द्यायचं धान्य असा आहे. वाफेचं अक्षर निराळं होतं, बिनतांदळाचं, तीन रेघांचं. आज मुख्य चीनमध्ये पुन्हा तेच लिहितात.

रागाचंही जुळतं. चिनीत 'छी उपजणे' म्हणजे रागावणे. 'बळाची छी' म्हणजे अंगातली ताकद. 'आकाशाची छी' म्हणजे हवामान, इथं मात्र तुमचा दम संपतो आणि आपली 'हवा' सुरू होते. 'पाहुण्याची छी' म्हणजे भिडस्तपणा.

आणि खुराकाचं म्हणालात ना, ते वैद्य ह्वा त्वो यांच्या नावावर आहे. ते इ.स. २०८ मध्ये गेले. शिष्याला त्यांनी सांगितलं ते साधारण असं : शरीराला कष्ट हवेत, पण टोकाचे नकोत. हालचाल केली की धान्याची छी पचते, रक्त फिरतं. दाराचा फिरता खुंट सडत नाही, तसं. मग वाघ, हरीण, अस्वल, वानर आणि पक्षी यांच्या हालचालींवरून पाच खेळ बसवून दिले. शिष्य नव्वदी ओलांडूनही दात शाबूत ठेवून होता असं इतिहासात लिहिलंय. दातांचं श्रेय खेळांना द्यायचं की नशिबाला, ते शंकेखोरांनी ठरवावं.

शंकेखोर :
नशिबाला. पण 'दम' मला पटला. मोजमापाचा दावा करत नाही, आणि असल्या-नसल्याचं माणसाला जिना चढताना कळतं. फक्त एक धोका आहे. पत्रकात 'दम धरा' लिहाल तर आजोबा श्वास रोखून उभे राहतील. तालमीत जोर लावताना दम कोंडतात, त्यानं रक्तदाब चढतो. तायचीत नेमकं उलट आहे, श्वास कुठंच अडकवायचा नाही.

लाल माती :
बरोबर. 'धरा' नको. 'दमानं' लिहा, म्हणजे सावकाशही आलं.

पत्रकवाली :
आणि 'प्राण' का नको? आपला हक्काचा शब्द आहे.

बांबूची काठी :
अर्थानं जवळचा आहे, नाकारत नाही. पण प्राणाबरोबर अपान, व्यान, उदान, समान अशी सगळी पंगत येते, आणि बोलीत प्राण 'जातो', 'कंठाशी येतो'. 'प्राण खाली उतरू द्या' हे ज्येष्ठांच्या वर्गात वाचून दाखवायचं धाडस मी करणार नाही. 'वायू'चं तर आणखी वेगळं. संस्कृत बौद्ध ग्रंथ चिनीत गेले तेव्हा महाभूतांतल्या वायूला तिथल्या भाषांतरकारांनी 'छी' न म्हणता 'फंग' म्हटलं, म्हणजे वारा. हे दोन शब्द एक नाहीत असं त्यांनाही वाटलं असावं.

पत्रकवाली :
कच्चा खर्डा टाकते :

'पाय खांद्यांइतक्या अंतरावर. गुडघे सैल. छाती फुगवू नका. दम बेंबीखाली तीन बोटं उतरू द्या, म्हणजे श्वास घेताना पोट हलू द्या. हात दमानं वर.'

'ची' एकदाच ठेवलाय, वरच्या चौकटीत, 'चिनी लोक याला ची म्हणतात' एवढाच. दुसऱ्यांदा लिहायला गेले आणि 'चीची ताकद' असं झालं! हा शब्द पुल्लिंगी करू म्हटलं तर 'चीचा', नपुंसकलिंगी केला तर 'चीचं'. तिन्ही वाचताना बोबडं बोलल्यासारखं वाटतं.

पण शेवटचं वाक्य अजून अडलंय. 'खांद्यात ची अडतो' याचं 'खांद्यात दम अडतो' करता येत नाही ना?

शंकेखोर :
मुळीच नाही. रुग्णवाहिका बोलावतील.

लाल माती :
'खांदे भरून येतात' लिहा. हात खाली सोडून दोनदा झटकायला सांगा.